निम्म्या पाण्याचे बटाटे

निम्म्याच पाण्यावर बटाट्याचं पीक किती घटतं आणि बटाटा किती बिघडतो, हे शोधण्यासाठी ती संशोधन केंद्राच्या शेतात रक्ताचं पाणी करत होती. पण सलग दुसऱ्या हंगामातही कमी पाण्याच्या ओळींतले बटाटे लहान निघायला तयार नव्हते! भरपूर पाण्याच्या ओळींसारखेच गुबगुबीत, एकालाही तडा नाही. तिने नळ्या तपासल्या, मीटर बदलला, बिचाऱ्या पंपवाल्याशी कडाकडा भांडली. आज तर साहेबांनी सगळ्यांदेखत झापलं, "तुम्हाला साधं पाणी मोजता येत नाही? प्रयोग बंद!"

तिने हातातलं खुरपं भिरकावलं आणि बांधावर बसकण मारली. रोज दुपारी तिचा डबा घेऊन येणारे सासरे हळूच जवळ सरकले, इकडेतिकडे पाहत कुजबुजले,

"सूनबाई, डोळे पूस बघू. तू जेवायला बसलीस की मी त्या ओळींना झारीने पोटभर पाणी घालून येतो. तू रोज विसरतेस, हे साहेबांना अजून कळू दिलेलं नाही मी!"