स्टुलाचं विधेयक

या अधिवेशनात आमदारताईंनी आपली दोन विधेयकं मंत्र्यांच्या गोड आश्वासनावर मुकाट मागे घेतली होती. सभागृहाची रीतच तशी. तिसरं विधेयक मात्र स्टुलाचं होतं. दुकानात दिवसभर उभ्याने राबणाऱ्या बायकांना बसायला स्टूल द्यावं, एवढंच. निवडून येण्याआधी त्याही कापडाच्या दुकानात होत्या. गिऱ्हाईक नसताना घटकाभर खोक्यावर टेकल्या, तर मालकाने खोकंच लाथाडलं होतं. “सरकार विचार करेल,” मंत्री हसले. “ताईंनी विधेयक मागे घ्यावं.” “नाही घेणार. मतदान घ्या!” “उद्या उशीसुद्धा मागाल!” मागच्या बाकावरून कोणीतरी खिदळलं. सभागृहात हशा पिकला. ताई ढिम्म हलल्या नाहीत. शेवटी अध्यक्ष वैतागले, “अहो ताई, किती वेळ उभ्या राहणार? माणसाचे पाय आहेत, खांब नव्हेत. बसा की आता!” “हेच तेवढं कायद्यात लिहा, अध्यक्ष महाराज,” ताई म्हणाल्या, “मग बसते.”