पत्र्याचा डबा

धाकट्या दिराने परसातला मधला बांध फोडला, तशी वहिनीच्या तळ्यातली मासळी उताराने त्याच्या तळ्यात गेली. मासळीबरोबर पोरांच्या ताटातला घासही गेला. तिने बांध बुजवून जाब विचारला, तर चारचौघांत तो हसला, “वहिनी, माशांवर काय तुमचं नाव लिहिलंय?” खाद्याचा पत्र्याचा डबा आणून तिने त्याच्या तळ्याकाठी चमच्याने बडवला. रोज याच आवाजावर जेवायला येणारे तिचे मासे पाण्याला उकळी फुटावी तसे पायाशी गोळा झाले. बघणारे हसले, दिराचं तोंड एवढंसं झालं. पाहुण्यांचं बघून त्याचेही मासे धावले; शेवटी हावऱ्याच्याच घरचे ते. तिने जाळं टाकून सगळेच ओढले. “वहिनी, त्यात माझेही आहेत,” दीर कळवळला. भरलं जाळं आपल्या तळ्यात उलटं करत ती म्हणाली, “घ्या की भावजी, नाव वाचून.”