पुलावर अडवलेली माणसं

पुलावर गवताची गाडी आडवी टाकलेली आणि तिच्यामागे तेवीस माणसं. बंदुका चारच, बाकीच्यांच्या हातात विळे आणि कुऱ्हाडी. सगळ्यात पुढची बंदूक जोसाया लोहाराची.

इंग्लंडचा कॅथलिक राजा पळाला होता. त्याचा प्रॉटेस्टंट जावईच हॉलंडची फौज घेऊन लंडनवर चालून आला होता. राजाने आणलेल्या आयरिश पलटणी पगार न देताच बरखास्त झाल्या होत्या. पहाटे एक घोडेस्वार ओरडत गावातून गेला, "आयरिश येतायत. गावं जाळतायत, दिसेल त्याचा गळा कापतायत."

तेव्हापासून बायकामुलं चर्चमध्ये कोंडून घेऊन बसली होती. जोसायाची बायको मार्था पोटुशी होती. दार लावून घेताना ती एवढंच म्हणाली, "त्यांना पुलावरच थांबव."

उन्हं वर आली तसं धुकं विरलं. पलीकडच्या उतारावर पलटणीचे लाल डगले दिसले. दहाबारा असतील, धावत येत होते.

"आले," शेजारचा टोबायस विणकर कुजबुजला. "मार की. मुहूर्त बघतोस काय?"

"जवळ येऊ दे."

सशापलीकडे जोसायाने आजवर काही मारलं नव्हतं.

ते पुलाच्या तोंडाशी थांबले. पुढच्याने हात वर केला. जोसायाचं बोट चापावर आवळलं. मग त्याला दिसलं, हात रिकामा होता. दोघांच्या पायांत जोड्यांऐवजी चिंध्या होत्या. एकाने जोडीदाराला पाठुंगळी घेतलं होतं.

"डगल्याखाली सुरे असतील," टोबायस म्हणाला. "मार."

"गप."

पुढचा शिपाई पिकल्या दाढीचा होता. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो धापा टाकत बोलू लागला.

"भाऊ, आत घ्या आम्हाला. आणि ही गाडी परत आडवी लावा, लवकर."

"का?" जोसायाने विचारलं. बंदूक अजून खांद्यालाच होती.

शिपायाने घाबरून मागे, रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं.

"आमची हत्यारं काढून घेतलीत, भाऊ. मागच्या तिन्ही गावांत लोक ओरडत पळत होते. कुणी गळेकापू येतायत म्हणे, गावं जाळत. कालपासून आम्हीही त्यांच्यापुढे पळतोय."