कुणाच्या वतीनं

केंट भांडी घासायला उठला, तेव्हा त्याच्या ताटातले भाजलेले बटाटे तसेच होते. रोवेनाला तिथेच खटकलं. तिचा भाऊ बटाटे टाकून उठणाऱ्यांतला नव्हता, आणि भांडी घासणाऱ्यांतला तर नव्हताच.

त्यानं नळ मोठा सोडला. टेबलाशी ती आणि तिचा म्हातारा बाप सेसिल ट्रिफिट, दोघंच उरले. खिडकीतून लॉडर खाडी दिसत होती आणि किनाऱ्यावर पालथी घातलेली म्हाताऱ्याची होडी.

"रो, जरा बोलायचंय," सेसिल ट्रिफिट म्हणाला. "पिंजऱ्यांबद्दल."

तिनं हातातला काटा खाली ठेवला. सॅमन मासे पाळणाऱ्या एका कंपनीला या खाडीत जाळ्यांचे मोठाले पिंजरे टाकायचे होते. मत्स्यखात्याची मंत्री म्हणून हो किंवा नाही उद्या तिलाच सांगायचं होतं. आणि सरकारदरबारी कंपनीची बाजू मांडायचा पगार केंट घेत होता. तिनं हे नातं सुरुवातीलाच जाहीर केलं होतं. मुख्यमंत्री हसून म्हणाले होते, एवढ्याशा राज्यात बिननात्याचा मंत्री आणू कुठून. फक्त त्याच्याशी या विषयावर अवाक्षर काढू नकोस. तेव्हापासून भाऊबहीण भेटले की फुटबॉलवर बोलत, हवेवर बोलत, आणि लवकर उठत.

म्हातारा बोलू लागला. स्थानिक रोजगार, म्हणाला. शाश्वत विकास, म्हणाला. पाण्याच्या गुणवत्तेवर देखरेख ठेवायची कंपनीची पूर्ण तयारी आहे, असंही म्हणाला. दुसऱ्याची कवळी घातल्यासारखे ते शब्द त्याच्या तोंडात हलत होते. गेल्या हिवाळ्यापर्यंत हाच माणूस पिंजऱ्यांचं नाव काढलं की थुंकायचा.

रोवेना ऐकत राहिली. तिला राग आला, तो म्हाताऱ्याचा नव्हे. सिंकपाशी पाठ करून उभ्या असलेल्या त्या रुंद खांद्यांचा आला. केंट किती हिशेबानं उठला होता हे आता तिला दिसलं. पगार घेऊन दुसऱ्यासाठी बोलणाऱ्यानं आधी नाव नोंदवायचं, आणि प्रत्येक भेट मंत्र्यानं लिहून जगजाहीर करायची, हा कायदा तिनंच भांडून आणला होता. बिनपगारी माणसाला त्यातून मोकळं सोडलं होतं, तेही तिनंच. नाहीतर किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी मंत्र्यांशी बोलायचंच सोडलं असतं. चोराला पळवाट दाखवावी तशी तिनं ती भावाला दाखवून ठेवली होती.

पण नाव नोंदवलेल्या माणसानं स्वतः मागे राहून दुसऱ्याला पुढे केलं, तर त्याचं नाव नोंदवहीतून कायमचं काढायचं, असंही त्याच कायद्यात होतं. नाव गेलं की नोकरी गेली.

"बाबा, थांब," ती म्हणाली.

म्हातारा थांबला. त्याला बरंच वाटलं असावं.

एक प्रश्न तिला विचारायचा होता. आठवड्यातून कितीदा तरी ती तो अनोळखी माणसांना विचारायची, आणि विचारताना तिला कधी काही वाटलं नव्हतं. या टेबलाशी तो विचारावा लागेल असं मात्र तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. माझं स्वतःचंच मत आहे, एवढंच बाबानं म्हणावं; मग लिहायला काही उरणार नाही, तिघं मिळून चहा घेतील. मंत्रीबाईंना अशी आशा धरायचा अधिकार नव्हता. मुलीनं धरली.

"हे तू कुणाच्या वतीनं बोलतोयस?"

सिंकमधल्या बशीचा आवाज थांबला. पाणी वाहतच राहिलं.

सेसिल ट्रिफिटनं आयुष्यभर मासे तोलून विकले होते आणि तोलताना तागडीला कधी अंगठा लावला नव्हता. त्यानं पोराच्या पाठीकडे पाहिलं, मग पोरीकडे.

"केंटच्या," तो म्हणाला. "पिंजरे झाले नाहीत तर त्याचं घर जाईल, रो. दोन लेकरं आहेत त्याला."

केंटनं नळ बंद केला. वळला मात्र नाही.

हे लिहावं लागेल, असं तिनं वडिलांना सांगितलं. तुझं नाव, त्याचं नाव, आजचा दिवस. केंटचं पुढे काय होईल तेही सांगितलं. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. कायदा तिचा होता, आणि पोरगी त्याची होती. तिला खोटं लिहायला सांगणं त्याला जमलं नसतं.

"आणि बाबा, तुझं स्वतःचं काय म्हणणं आहे?" तिनं विचारलं. "खाडीबद्दल. मला कुणीतरी खरं सांगायला हवंय."

तो खिडकीकडे वळला. आईची राख त्यांनी तिघांनी मिळून त्याच पाण्यात सोडली होती. म्हाताऱ्याचे ओठ एकदा हलले, आणि त्यानं ते घट्ट मिटून घेतले.

"ते दुसऱ्या कधीतरी विचार," तो म्हणाला. "आज मी केंटच्या बाजूनं बसलोय."