दरमहा की एकरकमी

"पेन्शन पूरी साहब की, तो टॅक्स भी पूरा साहब पर. और जो हिस्सा मॅडम को जाता है, वह मॅडम की आमदनी. उस पर भी टॅक्स." वकील गजेंद्र मिश्रांनी चष्मा वर सरकवला. "पैसा एक, कैंची दो बार."

विजयाने शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं नाही. तिथे निवृत्त सुभेदार शिवाजी घाडगे बसला होता. दोघांच्या घटस्फोटाला सहा वर्षं झाली, तरी परेडला उभा असल्यासारखी पाठ अजून ताठच. खिडकीतून आलमबागच्या मेट्रोच्या खोदकामाची धूळ आत येत होती.

"एक रास्ता है," मिश्रा म्हणाले. "हर महीने का बंद, एकमुश्त रकम. उस पर मॅडम को टॅक्स नहीं."

"मी तयार आहे," शिवाजी लगेच म्हणाला. "अलीगंजचा प्लॉट विकतो. सगळे पैसे तू घे."

विजया चरकली. ज्याने पोटगीसाठी तिला कोर्टाचे उंबरे झिजवायला लावले, त्याला आज दानशूरपणाचा उमाळा? इथे नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं. दुधाने तोंड पोळलेली बाई ती, ताकही फुंकूनच पिणार. एकरकमी पैसे संपले आणि दरमहाचेही गेले, तर म्हातारपणी कुणाच्या दारात उभं राहायचं?

"टॅक्सची एवढी फिकीर तुम्हाला कधीपासून?" तिने फटकन विचारलं.

"टॅक्सचं सोड. मी गेलो की तुझा हिस्सा बंद. घटस्फोट झालेल्या बायकोला फॅमिली पेन्शन नसते. चौकशी करून आलोय."

"इतक्यात कुठे निघालात?"

शिवाजी हळूच म्हणाला, "दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो ना, डॉक्टर म्हणतात, यंदाचा देता येईल. पुढच्या वर्षीचं कुणी बोलत नाही."

विजयाला त्याचा भयंकर राग आला. हे सांगायला माणसाला वकिलाची कचेरी लागावी?

"तो मॅडम, एकमुश्त लिख दूँ?" मिश्रांनी पेन उघडलं.

"नहीं. हर महीने का ही रहने दीजिए. कटने दीजिए टॅक्स." मग पहिल्यांदाच ती शिवाजीकडे वळली. "पुढच्या नोव्हेंबरात बँकेत मी घेऊन जाणार आहे तुम्हाला. वेळेवर तयार राहा."