येते हं

वॉर्डातली सगळी कामं यंत्रं करायला लागल्यापासून नर्सिंग शिकायला फारसं कुणी येत नसे. त्या वर्षी मुलाखतीला तिघीच आल्या. पहिल्या दोघींनी 'रुग्णसेवा' हा शब्द इतक्यांदा उच्चारला की डिमेलो मॅडमना जांभई आवरेना. टेबलावरचं टिपणयंत्र मात्र मन लावून नोंदी घेत होतं.

तिसरी प्रणाली घरत.

"सलाइन, इंजेक्शन, कूस बदलणं, यंत्रं आपल्याहून छान करतात," मॅडम म्हणाल्या. "मग तू कशाला?"

प्रणालीनं पाठ करून आणलेलं उत्तर गिळून टाकलं.

"माझी आत्या वॉर्डात होती. दुपारी ती यंत्राला म्हणाली, 'येते हं मी.' त्यानं 'उठू नका, पडाल' असं बजावलं आणि खाटेचे कठडे वर केले. मी खाली कँटीनमध्ये चहा पीत होते, मॅडम. वर आले तोवर आत्या गेली होती. यंत्राचं तसं काहीच चुकलं नाही. पण तिथे आपलं माणूस असतं, तर त्यानं मला हाक मारली असती."

तीस वर्षांत 'येते हं' हे शब्द मॅडमनी कितीतरी खाटांवरून ऐकले होते. त्यांनी फाईल मिटली.

"ठीक आहे. झालं तुझं."

"येते, मॅडम."

दार लागताच टिपणयंत्र बोललं, "उमेदवार परत येणार असल्याची नोंद केली. कधी येणार, ते सांगा."

"एक जुलैला," मॅडम म्हणाल्या. "त्या दिवशी वर्ग सुरू होतात."