शेजारचा पाट

गुरुजी सोवळं नेसून पाटावर बसले आणि संकल्पासाठी त्यांनी उजवा हात पुढे केला. त्या हाताला हात लावायला मधुमतीकाकूंनी शेजारच्या पाटावर बसायचं होतं. काकू गाभाऱ्याच्या दारातच उभ्या राहिल्या.

नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळानं बांधलेल्या मंदिरात आज प्राणप्रतिष्ठा होती. मराठी माणूस शोधून काढावा लागे त्या काळापासून गुरुजींनी इथे भाड्याच्या हॉलमधून पूजा सांगितल्या, काकूंनी थंडीत कुडकुडत नैवेद्य रांधले. म्हणून यजमानपदाचा मान या जोडप्याला. मंत्र सांगायला इल्फर्डहून प्रणवगुरुजी आले होते.

"अगं, मुहूर्त टळेल. ये, बस," गुरुजी दबक्या आवाजात म्हणाले.

"बसता नाही यायचं. तुम्हालाही नाही. आपल्याला सोयर आहे."

गुरुजींचा चेहरा उतरला. घरात बाळ जन्मलं की देवकार्याला बसायचं नाही, या नियमातून त्यांनी आजवर कुणाला सोडलं नव्हतं. मंडळाच्या उल्हासला आणि सुचेताला तर चुलत जावेच्या बाळापायी त्यांनी ऐन गणपतीत आरतीवरून उठवलं होतं.

"कुणाचं सोयर?"

"देविकाचं. मुलगी झाली तिला."

सात वर्षांपूर्वी देविकानं एका जमैकन मुलाशी लग्न केलं. त्याच दिवशी गुरुजींनी लेकीच्या नावानं आंघोळ केली आणि तिला घर बंद झालं. काकूंनी तोंडातून शब्द काढला नाही. एकादशी मोडली नाही, प्रदोष चुकवला नाही. देवापाशी मागणं मात्र एकच होतं, नवऱ्याचं शास्त्र एकदा नवऱ्यावरच उलटावं; आणि ते काही चांगलं मागणं नव्हे हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

गुरुजी आता सावरले. किंचित हसलेसुद्धा.

"शास्त्र मला शिकवतेस होय? दिलेली लेक परक्या घरची. तिच्या बाळाचं सोयर आईबापांना नसतं."

"बाळंतपण माहेरी झालं तर असतं. तीन दिवस. तुम्हीच सांगता सगळ्यांना."

"माहेरी झालं तर ना! ती तिकडे कुठल्या हॉस्पिटलात..."

"गुरुजी, सुरू करू या का?" उल्हासनं माइकवरून विचारलं. हॉल एकदम शांत झाला.

काकूंनी आवाज चढवला नाही. तरी तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"उल्हास, सुचेता, तुम्ही दोघं बसा पाटावर. आणि अहो, आठवडाभर तुम्ही इथं मूर्तीपाशी मुक्कामाला होतात ना? मी लेकीला घरी आणलं. मिडवाइफसुद्धा घरीच आली. काल दुपारी नात झाली हो तुम्हाला, तुमच्याच पलंगावर."